ऑक्टापॅड: यंत्र जपानी, आवाज कुणाचा?

छत्तीसगडमधील भिलाई, दुर्ग आणि रायपूर परिसरात गणेश विसर्जनाची, दुर्गा विसर्जनाची मिरवणूक किंवा लग्नाची वरात निघाली की तिच्या अग्रभागी अनेकदा ‘धुमाल’ असते. मालवाहू वाहनावर रचलेले साउंड बॉक्स, जनरेटर, कीबोर्ड, ढोल, ताशे आणि या सगळ्यात उठून दिसणारे, काळ्या रबराचे आठ चौकोन असलेले एक लहानसे यंत्र असा हा सारा थाट असतो. भिलाई इस्पात संयंत्राच्या नगरवस्तीत, रुआबांध्यासारख्या भागांत उत्सवाच्या दिवसांत कानावर येणारा ठेका बहुधा याच यंत्रातून निघालेला असतो. वादक त्याला ‘ऑक्टापॅड’ किंवा नुसते ‘पॅड’ म्हणतात. नागपूरच्या मिरवणुका, मुंबई आणि कोकणातील बेंजो पार्ट्या, गावोगावचे ऑर्केस्ट्रा आणि भजनी मंडळे यांनाही हे यंत्र परिचित आहे.

ऑक्टापॅडला कातडे नाही, पोकळ खोड नाही, शाई नाही. काठी मारल्यावर रबरातून जो ‘टप’ असा क्षीण आवाज येतो, तेवढाच त्याचा स्वतःचा आवाज. श्रोत्यांना जे ऐकू येते ते यंत्राच्या स्मृतीत कुणीतरी आधी साठवून ठेवलेले असते. त्यामुळे या वाद्याच्या बाबतीत दोन कौशल्ये वेगवेगळी ठरतात. एक ते वाजवण्याचे आणि दुसरे त्यातील आवाज बदलण्याचे. पहिल्या कौशल्याला गर्दी दाद देते. परंतु मिरवणुकीत ढोलकी, मांदर किंवा निसाण यांचा नाद शिल्लक राहणार की नाही, हे बहुतांशी दुसऱ्या कौशल्यावर अवलंबून आहे.

मुक्या यंत्राचा जन्म

इलेक्ट्रॉनिक तालवाद्यांचा इतिहास ऑक्टापॅडपेक्षा जुना आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये ‘सिनड्रम’ हे वाद्य तयार झाले. ब्रिटनमधील सिमन्स कंपनीचे षट्कोनी पॅड असलेले ‘एसडीएस-५’ हे यंत्र १९८१ मध्ये आले आणि त्या दशकातील पाश्चात्त्य पॉप संगीतावर त्याची छाप पडली. या यंत्रांमध्ये आवाजाची मुद्रित नक्कल नव्हती. तो विद्युत मंडलांतून घडवला जात असे. एक आंदोलक स्वर निर्माण करतो, दुसरे मंडल खरखर निर्माण करते आणि तिसरे हा आवाज किती वेगाने विरावा हे ठरवते. आंदोलकाचा स्वर क्षणार्धात वरून खाली घसरवला की मोठ्या ड्रमसारखा ‘डूऽम’ असा नाद निघतो. त्यात खरखर मिसळली की स्नेअर ड्रमचा भास होतो.

जपानमधील रोलँड ही कंपनी इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये स्थापन केली. तिचे ‘टीआर-८०८’ हे ताल-यंत्र १९८० मध्ये बाजारात आले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच यंत्राच्या साथीने दहा रागांवर आधारित एक ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळी ती फारशी खपली नाही. परंतु २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभरातील संगीतप्रेमींचे तिच्याकडे लक्ष गेले. ताल-यंत्राला ठेका आधी भरून द्यावा लागतो, नंतर ते आपोआप वाजत राहते. नाचणाऱ्यांचा रंग पाहून मध्येच लय वाढवणे, तोडा घेणे, थांबणे यासाठी हाताने वाजवता येणारे साधन हवे होते.

ती गरज रोलँडच्या ‘पॅड-८ ऑक्टापॅड’ने पूर्ण केली. हे यंत्र १९८५ मध्ये आले. ‘ऑक्टा’ म्हणजे आठ. वरच्या ओळीत चार आणि खालच्या ओळीत चार असे त्याचे आठ पॅड होते. या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये एकही आवाज नव्हता. कोणता पॅड वाजला आणि किती जोरात वाजला एवढाच निरोप ते तारेतून दुसऱ्या यंत्राला देत असे. पुढे याच घराण्यातील ‘एसपीडी’ मालिकेत पॅड आणि आवाज एकाच पेटीत आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेले ‘एसपीडी-२०’ आणि २०१० मध्ये आलेले ‘एसपीडी-३०’ ही यंत्रे भारतातील वादकांमध्ये विशेष रुळली. ऑक्टापॅड हे मुळात एका कंपनीचे व्यापारी नाव, परंतु आपल्याकडे ते कोणत्याही कंपनीच्या अशा वाद्याला वापरले जाते.

आघातापासून आवाजापर्यंत

पॅडच्या रबराखाली धातूची किंवा कठीण प्लॅस्टिकची पट्टी असते. तिला सहसा पीझो चकती चिकटवलेली असते. काही यंत्रांत दाब ओळखणारी संवेदक पत्रीही वापरतात. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युतदाब निर्माण होतो, हा गुणधर्म झाक आणि पिअर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. तोच येथे कामी येतो. काठीचा आघात जितका जोरदार, तितका चकतीतून निघणारा विद्युतदाब जास्त.

यंत्रातील संगणक-चिप हा दाब सतत मोजत असते. तो ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला की आघात झाला असे मानले जाते. पुढील एक-दोन मिलिसेकंदांत दाबाचे सर्वोच्च टोक शोधले जाते आणि त्याचे रूपांतर १ ते १२७ या श्रेणीतील एका आकड्यात होते. यानंतर काही क्षण त्या पॅडकडे मुद्दाम दुर्लक्ष केले जाते. चकती आघातानंतरही थरथरत असते आणि ती थरथर मोजली गेली तर एका काठीचे दोन आवाज निघतील.

हा आकडा ‘मिडी’ या भाषेत पुढे जातो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून १९८३ मध्ये ही पद्धत प्रचारात आली. तिच्या उभारणीतील वाट्याबद्दल काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. एका आघाताचा संपूर्ण निरोप अवघ्या तीन आकड्यांचा असतो: कोणत्या वाहिनीवर वाजले, कोणते वाद्य वाजले आणि किती जोरात वाजले. हा निरोप तारेतून जाण्यास जेमतेम एक मिलिसेकंद लागतो.

सामान्य यादीत तबला नाही

यातील दुसरा आकडा महत्त्वाचा आहे. कोणता आकडा म्हणजे कोणते वाद्य, हे सर्व कंपन्यांत सारखे असावे यासाठी १९९१ मध्ये एक सामान्य यादी स्वीकारण्यात आली. तीत ३५ ते ८१ या आकड्यांवर ४७ तालध्वनी नेमून दिलेले आहेत. ३६ म्हणजे मोठा ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे मिटलेली हाय-हॅट झांज. लॅटिन अमेरिकेतील बोंगो, काँगा, टिंबाले, कबासा, ग्विरो, क्विका यांनाही या यादीत स्थान मिळाले. मात्र तबला, ढोलकी, पखवाज, मृदंग यांपैकी एकही भारतीय वाद्य तीत नाही.

याचा अर्थ भारतीय आवाज यंत्रात असूच शकत नाहीत असा नव्हे. अनेक कंपन्यांनी आपल्या यंत्रांत तबला-ढोलकीचे आवाज स्वतंत्रपणे भरले. परंतु ते कोणत्या आकड्यावर असावेत याला सर्वमान्य शिस्त नाही. एका यंत्रावर बसवलेला केरवा दुसऱ्या यंत्राला जोडल्यावर तेथे काँगा किंवा त्रिकोणी घंटी वाजू लागते. मोठ्या बाजारपेठा असलेल्या वाद्यांची ही गत, तर छत्तीसगडच्या मांदर, निसाण, डफडा, टिमकी यांसारख्या वाद्यांची कारखान्यातून भरून आलेल्या आवाजांत दखल घेतली जाण्याची शक्यता आणखी कमी.

भारतीय वाद्ये यंत्रात उतरवणे अवघड का, याचे एक कारण विज्ञानातही आहे. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात. म्हणून बहुतेक ड्रमना निश्चित स्वर नसतो. तबला आणि मृदंगाची शाई हे नाते बदलते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये सहकाऱ्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात आणि पुढे १९३४ च्या विस्तृत निबंधात हे दाखवून दिले. शाईच्या भारामुळे या वाद्यांचे सुरुवातीचे उपस्वर जवळजवळ तंतुवाद्यासारखे सुरेल होतात. आंदोलक आणि खरखर यांच्या मिश्रणातून पाश्चात्त्य ड्रमचा आभास सहज निर्माण होतो. चाटीवरचा ‘ना’ मात्र तसा निघत नाही. तो मुद्रितच करावा लागतो.

परक्या वाद्याला घरचे करण्याची परंपरा

परदेशी साधन घेऊन त्यात फेरबदल करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई आणि कोकणातील मिरवणुकांत वाजणारा ‘बेंजो’ हे त्याचे ठळक उदाहरण. नाव अमेरिकी वाद्याचे असले तरी मुळात ते बुलबुल तरंग होय. त्याचा संबंध जपानच्या नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या ‘ताइशोगोतो’ या कळांच्या तंतुवाद्याशी जोडला जातो. घरात बसून वाजवण्याच्या या नाजूक वाद्याला भारतात विद्युत पिकअप बसवले गेले, ते ध्वनिक्षेपकाला जोडले गेले आणि गल्लीतील हजारोंच्या गर्दीत ते मुख्य वाद्य ठरले. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये या वादकांच्या जगावर ‘बेंजो’ हा हिंदी चित्रपटही काढला.

ऑक्टापॅड हा त्याच वाटेने आलेला दुसरा जपानी पाहुणा. नागपूर आणि दुर्ग-भिलाई यांच्यात वाद्यांची ही देवघेव सहज होण्यामागे इतिहासही आहे. छत्तीसगडवर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. पुढे १९५६ पर्यंत हा सारा भाग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच मोडत होता. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे येथे नोकरीनिमित्त आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. गणपती, दुर्गापूजा, छठ हे सर्व उत्सव एकाच नगरवस्तीत साजरे होऊ लागले. त्यामुळे एकाच रात्री भांगड्याचा ढोल, लावणीची ढोलकी आणि छत्तीसगडी ठेका वाजवून दाखवणारे वाद्य येथे सोयीचे ठरले.

शिवाय हवामानाचा मुद्दा आहे. गणेशोत्सव पावसाळ्याच्या शेवटी येतो. दमट हवेत कातडे सैल पडते, स्वर उतरतो, वाद्य वारंवार शेकावे लागते. पॅडला हा त्रास नाही. गायकाने ऐन वेळी ‘काळी दोन’ऐवजी ‘पांढरी चार’ सांगितली तरी बटणांनी ढोलकीचा स्वर बदलता येतो.

आठ पॅडवर केरवा

वाजवण्याच्या दृष्टीने पहिली पायरी म्हणजे मांडणी. कोणता बोल कोणत्या पॅडवर ठेवायचा, हे वादकाने स्वतः ठरवायचे असते. आठ मात्रांचा केरवा घेतला तर त्याचे सर्वपरिचित बोल ‘धा गे ना ति, न क धि न’ असे आहेत. यातील ‘गे’ आणि ‘क’ हे डग्ग्याचे, तर ‘ना’, ‘ति’, ‘न’ हे चाटीचे बोल. ‘धा’ आणि ‘धि’ मात्र दोन्ही हातांचे आहेत. म्हणून डावीकडील खालच्या पॅडवर ‘गे’, त्याच्या वर ‘क’, उजवीकडे ‘ना’ आणि ‘ति’ अशी मांडणी केली की दोन पॅडवर एकदम काठ्या टाकून ‘धा’ काढता येतो. दुसरा मार्ग म्हणजे एकाच पॅडवर दोन आवाज एकावर एक ठेवणे. बहुतेक यंत्रांत ही सोय असते. त्यामुळे एक हात मोकळा राहतो आणि त्या हाताने झांज किंवा ताशाची लड वाजवता येते.

येथे नवशिक्यांकडून एक गोष्ट हमखास सुटते. खऱ्या डग्ग्यावर ‘क’ मारला की आधीच्या ‘गे’ची आस तेथेच थांबते, कारण तळहाताने कातडे झाकले जाते. यंत्राला हे आपोआप कळत नाही. ‘क’ वाजल्यावरही ‘गे’ मागे घुमत राहतो आणि ठेका गढूळ होतो. यावर उपाय म्हणजे दोन्ही आवाज एकाच ‘म्यूट ग्रुप’मध्ये ठेवणे. या गटातील एक आवाज सुरू झाला की दुसरा तत्काळ बंद होतो. उघडी आणि मिटलेली हाय-हॅट झांज यांच्यासाठी केलेली ही सोय डग्ग्यालाही लागू पडते.

आघाताच्या जोराला यंत्र किती प्रतिसाद देते, हेही बदलता येते. गर्दीत वाजवताना वादक उत्साहाच्या भरात सर्वच आघात जोरात करतो. अशा वेळी १२७ या कमाल आकड्याच्या जवळपास सारे बोल एकसारखे वाजतात आणि ठेक्यातील चढउतार नाहीसा होतो. संवेदनशीलता थोडी कमी केली तर हलक्या आणि जोरदार आघातांत पुन्हा अंतर पडते. सम ठसठशीत आणि मधल्या मात्रा हलक्या राहिल्या, तरच तो ठेका नाचवतो.

आवाज बदलण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे यंत्रातील आवाजांवरच संस्कार करणे. स्वर खाली आणणे, आस कमी करणे, दोन आवाज मिसळणे. उदाहरणार्थ, काँगाचा आवाज खाली उतरवून त्यात लाकडी ठोक्याचा अंश मिसळला की तो ढोलाच्या जवळ जातो. अशा मांडणीला वादक ‘पॅच’ म्हणतात. तयार पॅचची देवाणघेवाण आणि विक्रीही चालते. एसपीडी-२० आणि एसपीडी-३० ही लोकप्रिय यंत्रे बाहेरून मुद्रित केलेला नवा आवाज स्वीकारत नाहीत. त्यामुळे त्यांच्या बाबतीत कौशल्याची मर्यादा येथेच येते.

दुसरा मार्ग म्हणजे पहिल्या ऑक्टापॅडच्या तत्त्वाकडे परत जाणे. पॅडमधून केवळ निरोप घ्यायचा आणि आवाज संगणकातून किंवा दुसऱ्या यंत्रातून काढायचा. यात हवे ते आवाज वापरता येतात. मात्र हलत्या वाहनावर, धुळीत आणि पावसात संगणक सांभाळणे जिकिरीचे असते.

तिसरा मार्ग म्हणजे मुद्रित आवाज स्वीकारणारे पॅड-यंत्र वापरणे. रोलँडची ‘एसपीडी-एसएक्स’ आणि यामाहाची ‘डीटीएक्स-मल्टी १२’ ही या प्रकारातील परिचित उदाहरणे आहेत. येथे वादक स्वतः मांदरचा आवाज मुद्रित करून पॅडवर ठेवू शकतो. सीडीच्या दर्जाने, एकेरी वाहिनीवर मुद्रण केले तर एका सेकंदाला सुमारे ८८ किलोबाइट जागा लागते. म्हणजे ६४ मेगाबाइट जागेत साडेबारा मिनिटांहून अधिक ध्वनी मावतो. एका थापेला एक-दोन सेकंद धरले तर ही जागा पुष्कळ आहे.

मुद्रण करताना तीन पथ्ये पाळावी लागतात. प्रत्येक बोल हलका, मध्यम आणि जोरदार असा निदान तीन प्रकारे घ्यावा, कारण खऱ्या वाद्यात जोर वाढला की आवाजाचा पोतही बदलतो. एकाच प्रकारच्या दोन-तीन थापा घ्याव्यात. नाहीतर जलद लयीत तोच तो आवाज पुन्हापुन्हा ऐकू येऊन यांत्रिक वाटतो. तिसरे पथ्य म्हणजे मुद्रणाच्या आरंभीची शांतता अगदी काटेकोरपणे कापावी. तेथे १० मिलिसेकंद जरी राहिले तरी प्रत्येक थाप तितकीच उशिरा वाजते आणि वादकाला आपलाच हात मागे पडल्यासारखे वाटते.

घरी तयार होणारे पॅड

नवे यंत्र अनेक होतकरू वादकांच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे पॅडची दुरुस्ती आणि घरगुती निर्मिती हा या क्षेत्राचाच भाग बनला आहे. गजरात किंवा घंटीत वापरली जाणारी पितळी पीझो चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अल्प किमतीत मिळते. लाकडी फळी, पातळ पत्रा, फोमचा थर आणि वर रबर अशी रचना करून तीत ही चकती बसवली की पॅड तयार होतो. चकतीच्या दोन टोकांमध्ये एक मेगाओहमचा रोध जोडतात. त्यामुळे आघातानंतर साठलेला विद्युतभार लगेच निघून जातो. जोरदार आघातात चकतीतून ५ व्होल्टहून कितीतरी अधिक दाब निघू शकतो. म्हणून पुढील चिप वाचवण्यासाठी ५.१ व्होल्टचा झेनर डायोड लावणे शहाणपणाचे ठरते.

इटलीत २००५ मध्ये जन्मलेल्या ‘आर्डुइनो’ या स्वस्त फळीमुळे पुढचे काम सोपे झाले. तिची मूळ आवृत्ती विद्युतदाब ० ते १०२३ या आकड्यांत मोजते. त्याला आठने भागले की मिडीची ० ते १२७ ही श्रेणी मिळते. विज्ञान शाखेच्या किंवा आयटीआयच्या विद्यार्थ्याला हे समजण्यास अडचण पडत नाही. पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या भिलाईसारख्या गावात सोल्डरिंगची कला जाणणारे हातही कमी नाहीत.

दुरुस्तीच्या कामात सर्वाधिक आढळणारे दोष साधेच असतात. चकतीची तार तुटलेली असते, तिचा गोंद सुटलेला असतो किंवा रबराखालचा फोम दबून गेलेला असतो. आणखी एक खबरदारी अॅडॅप्टरबाबत घ्यावी लागते. रोलँडच्या अनेक यंत्रांत अॅडॅप्टरच्या पिनेचा आतला भाग ऋण असतो, तर बाजारातील बहुतेक सामान्य अॅडॅप्टरमध्ये तो धन असतो. व्होल्ट जुळतात म्हणून कोणताही अॅडॅप्टर लावला तर यंत्र निकामी होण्याचा धोका असतो.

हलत्या वाहनावरील अडचणी

धुमालच्या वाहनावर पॅडपासून काही हातांवर मोठे बेस बॉक्स असतात. त्यांच्या कंपनांनी पॅड स्वतःच थरथरतो आणि काठी न मारताही आवाज निघतो. तो आवाज पुन्हा बॉक्समधून येऊन पॅड आणखी हलवतो. यावर पॅडचा उंबरठा वाढवणे आणि स्टँडखाली जाड फोम घालणे हे दोन उपाय आहेत. उंबरठा फार वाढवला तर हलक्या मात्रा गळतात. म्हणून फोमचा उपाय आधी करावा.

दुसरी अडचण अंतराची. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १० मीटर दूर असलेल्या बॉक्सचा आवाज वादकाला सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तो ऐकून वाजवले की लय खेचली जाते. वादकाजवळ एक लहान मॉनिटर किंवा कानात हेडफोन असणे त्यामुळे गरजेचे ठरते.

आवाजाची मर्यादा

पॅडवरील ठेका किती मोठ्याने ऐकवायचा, हा प्रश्न आता केवळ आवडीचा उरलेला नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० नुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बंधनांचे महत्त्व अधोरेखित केले. छत्तीसगड उच्च न्यायालयानेही वाहनांवरील साउंड बॉक्सच्या गोंगाटाची दखल घेऊन प्रशासनाला कारवाईचे निर्देश दिले आहेत.

डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसते. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिशक्तीत दहापट वाढ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबल ही कमाल पातळी सुचवली आहे. बॉक्सच्या अगदी जवळ तासन्‌तास उभे राहणाऱ्या वादकाच्या कानांना श्रोत्यांपेक्षा अधिक धोका असतो. श्रोता पुढे निघून जातो, वादक मात्र संपूर्ण मिरवणूक तेथेच असतो. कानात साधे इअर प्लग घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वाद्य गेले तरी नाद राहील काय?

छत्तीसगडच्या पारंपरिक गंडवा बाजात मोहरी, डफडा, निसाण, टिमकी अशी वाद्ये वेगवेगळे वादक वाजवत असत. पंथी नृत्यात मांदर आणि झांज यांची साथ असते. भिलाई परिसरातील देवदास बंजारे यांनी हे नृत्य देशाबाहेरही पोहोचवले. या वाद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ऑक्टापॅडचे आगमन ही निर्मळ आनंदाची वार्ता नाही. चार-पाच वादकांचे काम एक पॅडवादक करू लागला की चार-पाच घरांचे हंगामी उत्पन्न कमी होते. दुसऱ्या बाजूला, त्याच कुटुंबांतील तरुण पॅडवादक झाले तर ठेक्याचे मर्म त्यांना आधीच अवगत असते. यंत्राची मांडणी शिकण्यास थोडे दिवस पुरतात, पण लय अंगात मुरण्यास वर्षे लागतात.

पॅडने पारंपरिक वाद्य नामशेष केले की त्याला नवी जागा दिली, याचे उत्तर यंत्रात काय भरले जाते यावर ठरेल. कारखान्यातून आलेले आवाज जसेच्या तसे वाजवले तर रुआबांध्याची मिरवणूक आणि जगातील अन्य कोणत्याही शहराची मिरवणूक यांत कानाला फारसा फरक जाणवणार नाही. परंतु गावातील ज्येष्ठ मांदरवादकाला बोलावून, त्याला योग्य मानधन देऊन त्याच्या थापा नीट मुद्रित केल्या, त्या म्यूट ग्रुपसह पॅडवर बसवल्या आणि त्याच्याकडूनच ठेका शिकून घेतला, तर हेच यंत्र त्या नादाचे जतन करणारे साधन होऊ शकते. त्यासाठी लागणारी सामग्री मोठी नाही. एक बरा मायक्रोफोन, शांत खोली आणि एखादी दुपार एवढ्यावर हे काम होते. कातडे ताणून मांदर मढवणारे आणि ते वाजवणारे हात अद्याप आहेत, तोवर ते करून घेणे शक्य आहे.